शेवटची रिकामी वाटी

कंपनीत नोंदी मी ठेवते, आणि मला सगळे टरकून असतात. कागद अर्धवट आला की मी तो तसाच माघारी धाडते. सही राहिली असेल तर भल्याभल्या शास्त्रज्ञालाही जिना उतरून खाली यायला लावते. ‘उत्तराताईंकडे जायचंय’ म्हटलं की नवी पोरं आधी घोटभर पाणी पितात म्हणे. पिऊ देत. पण खरं सांगू? मी आयुष्यभर भित्री बाई आहे. आवाज चढा ठेवला की आतली धडधड बाहेर ऐकू जात नाही, एवढीच माझी युक्ती. हे मला कळलं ते बिलकिसमुळे. ती उघड घाबरायची. हात थरथरले तर लपवायची नाही, “ताई, मला भीती वाटतेय” असं सरळ सांगायची. आणि मी तिला म्हणायचे, “काय बाई तू! झुरळाला भिशील.”

बिलकिस मोमीन. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, अंगानं किरकोळ, डोक्यावरून ओढणी, कानात दोन बारीक खडे. माहेर येवल्याचं, वडील पैठणी विणायचे. राहायला जुन्या नाशकात, चौक मंडईच्या मागे. नवरा रिझवान द्वारका चौकात गाड्यांच्या सीटा शिवतो, मुलगी आयत बारावीला. कंपनीची बस मला पंचवटी कारंज्यावरून घ्यायची आणि तिला शालिमारला. मी शेजारच्या सीटवर पर्स ठेवून तिची जागा धरायचे. कोणी हटकलं तर माझं तोंड होतंच. रमजानात ती काही खायची नाही म्हणून मीही बसमध्ये शेंगदाण्याची पुडी सोडायचे नाही. बारा वर्षं आम्ही अशा शेजारी बसून अंबडला कंपनीत गेलो.

आमची कंपनी औषधं बनवत नाही, शोधते. कोणी विचारलं तर मी असं सांगते: शरीरातल्या पेशींच्या अंगावर बारीक बारीक कड्या असतात, दाराला असतात तशा. त्यांना रिसेप्टर म्हणतात. कॅन्सरच्या पेशीवर एक ठरावीक कडी जरा जास्तच असते. तिलाच जाऊन चिकटेल आणि दुसऱ्या कशाला हात लावणार नाही अशी अँटीबॉडी हुडकायची, हे आमचं काम. पूर्वी त्यासाठी वर्षानुवर्षं आंधळी कोशिंबीर चालायची. आता श्रेयसचं मॉडेल आहे. श्रेयस हा आमचा कॉम्प्युटरवाला, सालस मुलगा. त्याचं मॉडेल, म्हणजे शिकत जाणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, लाखो अँटीबॉडींच्या रचना वाचतं आणि सांगतं, या शहाण्णव चिकटतील असं वाटतंय, बघा तपासून. तपासायचं बिलकिसनं. तिचे आकडे परत मॉडेलकडे जायचे, त्यावरून ते शिकायचं आणि पुढच्या शहाण्णव सुचवायचं. म्हणजे ज्या मॉडेलचं सगळीकडे कौतुक, त्याची मास्तरीण आमची बिलकिस. असं म्हटलं की ती लाजायची. “काहीतरीच काय, ताई!”

शहाण्णवच का, तर प्लेट तेवढ्याची असते. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, आठ ओळी, ओळीत बारा खड्डे. लॅबमधले त्याला इंग्रजी नावानं ओळखतात, मी वाट्याच म्हणते. प्रत्येक वाटीत पेशी, आणि प्रत्येकीत वेगळी अँटीबॉडी. चिकटली तर यंत्र मोठा आकडा दाखवतं, नाही चिकटली तर शून्य. आता या प्लेटची एक खोड आहे. ती उलटी फिरवून यंत्रात ठेवली तरी यंत्र मुकाट्यानं आकडे देतं. मग पहिल्या वाटीचा आकडा शेवटचीच्या नावावर आणि शेवटचीचा पहिलीच्या. ओळखायला एक कोपरा कापलेला असतो, पण वर्षानुवर्षं याच प्लेटा हाताळणाऱ्या माणसाचा एखादा कोपरा चुकतो कधीतरी.

पाचेक वर्षांपूर्वी बिलकिसचा चुकला. कोणाला पत्ताही नव्हता. तिनंच दुसऱ्या दिवशी जाऊन तेजस्विनी मॅडमना सांगितलं, “काल माझ्या हातून प्लेट उलटी गेली.” डॉक्टर तेजस्विनी म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. आणि त्या दिवसापासून जो तो विचारायला लागला, “काय बिलकिस, प्लेट सरळ ना?” कँटीनमध्ये ताट घेतलं तरी, “बघा हं, उलटं धराल!” मीही त्यात हसले आहे. चेष्टाच होती, पण तिला ती लागायची. हातमोजे घालताना ती स्वतःच्या हातांकडे बघत राहायची, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली.

“ताई, प्रत्येक प्लेटची शेवटची वाटी रिकामी ठेवली तर चालेल का? म्हणजे पेशी टाकायच्या, अँटीबॉडी नाही टाकायची. तिथं शून्य येणार म्हणजे येणारच. प्लेट फिरली तर ते शून्य पहिल्या जागी दिसेल, लगेच कळेल. अब्बा प्रत्येक पैठणी लावताना काठाशी एक धागा मोकळा सोडायचे. घडी कशीही घाला, सुरुवात कुठली ते त्यांना कळायचं. तसं.”

सूचना चांगली होती. पण तपासणीचे लोक डोक्यावर बसले होते आणि माझी सकाळपासून चिडचिड चालली होती. मी मान वर न करता म्हटलं, “कामाची पद्धत बदलायची तर बदलाचा अर्ज, तीन सह्या, सहा महिने. डोकं नको खाऊस माझं. आणि दर प्लेटला एक अँटीबॉडी कमी करते म्हणालीस तर मॅडम तुला दारात तरी उभं करतील का?”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. मी तो विषय विसरून गेले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मॉडेलनं सुचवलेल्यांतली एक अँटीबॉडी कॅन्सरच्या कडीला अशी घट्ट बसली की लॅबमध्ये पेढे वाटले. मॉडेलच्या यादीतही ती पहिली होती, म्हणून सगळे तिला ‘एक नंबर’ म्हणायला लागले. आता एवढंच बघायचं राहिलं होतं. हृदयाच्या पेशींवर एक कडी असते, कॅन्सरच्या कडीची चुलत बहीणच म्हणा. एक नंबर तिला चिकटायला नको. चिकटली तर कॅन्सर राहील बाजूला, रोग्याचं हृदयच बंद पडायचं. म्हणून एक नंबर आणि यादीतल्या तिच्या मागच्या पंचाण्णव, सगळ्या बिलकिसनं हृदयाच्या पेशींवर तपासायला घेतल्या. एक नंबर पहिल्या वाटीत.

सोमवारी बैठकीत आकडे पडद्यावर आले. पहिल्या वाटीत मोठा आकडा. वरच्या ओळींत सगळीकडेच मोठे, मग उतरत उतरत शेवटच्या वाटीत शून्य.

श्रेयस पडद्याजवळ जाऊन म्हणाला, “हे मॉडेलच्या अंदाजाच्या बरोब्बर उलट आहे. पण प्लेट फिरली असं धरलं तर तंतोतंत जुळतं.” त्यानं आकडे फिरवून दाखवले. शेवटच्या वाटीचं शून्य टुणकन पहिल्या वाटीत येऊन बसलं. एक नंबर एकदम स्वच्छ, हृदयाच्या वाटेला न जाणारी.

सगळ्यांच्या माना बिलकिसकडे वळल्या. कोणी चेष्टा केली नाही, आणि तेच जास्त वाईट वाटलं.

“बिलकिस, होतं गं असं,” मॅडम मायेनं म्हणाल्या. “मागे तू स्वतःहून सांगितलं होतंस. आत्ताही सांग. कोणी रागावणार नाही.”

“मॅडम, बहुतेक सरळच होती,” ती म्हणाली.

बहुतेक म्हटल्यावर संपलंच. मॅडमनी मान हलवली आणि श्रेयसला म्हणाल्या, “दुरुस्तीचा कागद करून घे.”

परत तपासा की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण हृदयाच्या पेशी आमच्याकडे वाढवायला सव्वा महिना लागतो, आणि होत्या त्या या प्लेटमध्ये संपल्या. माकडांवरच्या चाचणीसाठी बाहेरच्या संस्थेत जागा मिळाली होती. एक नंबर पाठवायची की नाही, ते शुक्रवारी कळवायचं होतं. ती तारीख हुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

त्या संध्याकाळी बस शालिमारला थांबली तरी बिलकिस उठली नाही.

“अगं, उतर की!”

“तुमच्याबरोबर येते.”

आम्ही कारंज्यावर उतरलो आणि भाजीबाजाराकडे वळलो. दुचाक्या अंगावर येत होत्या. ती मेथीच्या जुड्यांच्या ढिगाशेजारी थांबली, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, “ताई, शेवटची वाटी रिकामी होती.”

मला कळलंच नाही. “मग?”

“तुम्हाला विचारलं होतं ना मी मागे? तुम्ही नको म्हणालात. पण मला माझ्याच हातांची एवढी भीती बसली होती की मी तेव्हापासून ठेवतेच. प्रत्येक प्लेटची. त्या वाटीतली अँटीबॉडी मी टाकतच नाही. कोणाला सांगितलं नाही. ते शून्य माझं आहे, ताई. माझी खूण आहे. प्लेट फिरली असती तर ते पहिल्या वाटीत आलं असतं. तिथं मोठा आकडा आलाय. प्लेट सरळ होती. श्रेयस सरांनी आज फिरवली आणि माझं शून्य एक नंबरच्या नावावर गेलं.”

भाजीवालीनं “ताई, मेथी देऊ का?” विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले. सगळं एकदम समोर दिसलं. हृदयाला धरणारं औषध सगळ्यांनी निर्धोक ठरवलंय. ते चूक आहे हे सिद्ध करायचं तर या बाईला सांगावं लागेल की मी वर्षानुवर्षं दर प्लेटमागे एक अँटीबॉडी न तपासता ‘चिकटत नाही’ म्हणून जाऊ दिली. मॉडेल तेच खरं धरून शिकलं. हे बाहेर आलं की नोकरी गेली, आणि असल्या माणसाला कुठली लॅब परत दारात उभी करते? आणि आणखी एक होतं, ते मी तिला बोलले नाही. तिनं मला विचारलं होतं. माझ्या टेबलाशी उभं राहून विचारलं होतं.

“गप्प बस,” मी म्हटलं.

“ताई?”

“गप्प बस म्हणते ना! पुढे माकडं आहेत. त्यांच्यात दिसेलच. त्याच्या पुढे आणखी चार चाळण्या आहेत. तू एकटी जगाचा भार घेऊन बसलीयस का?”

“माकडांची ती कडी आपल्यासारखी नसते,” ती म्हणाली. “मी वाचलंय. त्यांना काही होणार नाही, आणि मग माणसांना देतील. प्रत्येक जण पुढच्या चाळणीवर सोडत गेला तर?”

“तर ते बघायला मोठी माणसं आहेत. तुझी आयत बारावीला आहे, विसरू नकोस.” आयतचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला दिसलं, तरी मी थांबले नाही. “आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस, कळलं?”

“नाही घेणार,” ती म्हणाली. मग उलट्या दिशेनं चालत पुलाकडे गेली. मी घरी आले आणि भाताला दोनदा मीठ टाकलं.

मंगळवारी बसमध्ये ती डोळे मिटून बसली. डबा उघडला नाही. बुधवारी दुपारी मात्र येऊन म्हणाली, “ताई, दोन मिनिटं वर चला.” मी कधी लॅबमध्ये जात नाही, मला तो वास सोसत नाही. तिनं मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. एका छोट्या बशीत हृदयाच्या थोड्या पेशी उरल्या होत्या, परीक्षेला न पुरणाऱ्या.

मी डोळा लावला आणि दचकून मागे सरकले. त्या हलत होत्या. बशीतल्या पेशी, ना छाती ना माणूस, तरी सगळ्या मिळून एका ठेक्यात आवळत होत्या, सुटत होत्या.

“अगं बाई, हे काय!”

“हृदयाच्याच ना. अशाच धडधडतात,” बिलकिस म्हणाली. “त्या दिवशी अँटीबॉडी घातल्यावर तासाभरानं मी सगळ्या वाट्या बघितल्या. बघायचं काही कारण नव्हतं, तसं कुठे लिहिलेलं नाही. पण मला बघायला आवडतं. शेवटच्या वाटीतल्या मजेत चालल्या होत्या. पहिल्या वाटीतल्या अडखळत होत्या, ताई. दोन ठोके, मग काहीच नाही. मग एक. मी वाट बघत होते की आता होईल, आता होईल.” तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “मला तेव्हापासून माझेच ठोके मोजायची सवय लागलीय.”

मी पुन्हा डोळा लावला नाही. खाली येऊन खुर्चीत बसले तर माझंही बोट नाडीवर गेलं होतं.

गुरुवारी दुरुस्तीचा कागद माझ्या टेबलावर आला. ‘प्लेट यंत्रात उलटी ठेवली गेली. आकडे फिरवून घेतले आहेत.’ खाली दोन सह्या हव्या होत्या. काम करणाऱ्याची आणि नोंद ठेवणाऱ्याची, म्हणजे माझी.

मी सही केली. हो, केली. पेन टेकवलं, फराटा मारला, तीन सेकंद लागले असतील. इतरांचे कागद स्वल्पविराम चुकला म्हणून परत करणारी मी. मग बिलकिसला बोलावलं आणि कागद पुढे सरकवला.

“कर.”

तिनं कागद वाचला. माझी सही बघितली. घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “उद्या देते.”

“अगं, कागद घरी न्यायचा नसतो!”

“उद्या देते, ताई.”

तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच विनंती नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर ती जिना चढून गेली होती.

शुक्रवारी सकाळी ती बसमध्ये चढली तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्या शेजारी बसली. मी हळूच विचारलं, “रिझवानला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, नोकरी गेली तर दुसरी बघू. पण तुला झोपच लागणार नसेल तर त्याला माझ्याकडे इलाज नाही.” ती खिडकीबाहेर बघत होती. “ताई, मला खूप भीती वाटतेय. हात बघा.”

हात बर्फ झाले होते. मी ते धरायला हवे होते. मी पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली.

बैठक अकराला होती. मॅडम, श्रेयस, आणखी चार-पाच जण, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी. मॅडमनी घड्याळ बघितलं. “एक नंबर पाठवतोय. दुरुस्तीचा कागद आला का, उत्तराताई?”

मी काही बोलायच्या आत बिलकिस उभी राहिली. पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. तिच्या सहीची जागा कोरी होती.

“मॅडम, प्लेट सरळ होती. एक नंबर हृदयाला चिकटते. पाठवू नका.”

“बिलकिस, सोमवारी तू बहुतेक म्हणालीस.”

“घाबरून म्हणाले. आजही घाबरलेयच.” तिनं कागद मॅडमकडे सरकवला. “शेवटच्या वाटीत मी काही घातलेलं नाही. चार वर्षं कुठल्याच प्लेटच्या शेवटच्या वाटीत घातलेलं नाही. ती माझी खूण असते. श्रेयस सर, तुमच्याकडे सगळे आकडे आहेत. माझ्या सगळ्या प्लेटांची फक्त शेवटची वाटी काढून बघा.”

श्रेयसनं बटणं दाबली. अर्धा मिनिट गेलं असेल. पडद्यावर शून्यांची रांग उतरायला लागली. शून्य, शून्य, शून्य. ती खाली सरकतच राहिली.

“दोनशे चौदा,” तो शेवटी म्हणाला. “एकही सुटलेली नाही.” त्यानं खालची ओळ बोटानं दाखवली. “आणि या प्लेटचं शून्य शेवटच्याच जागी आहे. प्लेट सरळच होती, मॅडम. मी... मी एक नंबर पास करून टाकली होती.”

क्षणभर मला वाटलं, सुटली. आता हिला कोणी काही म्हणणार नाही. मग मॅडम उठल्या.

“तुला कळतंय का तू काय केलंयस? दोनशे चौदा अँटीबॉडी न तपासता आपण टाकून दिल्या. मॉडेलला चार वर्षं खोटं शिकवलं. त्यात एखादीनं कोणाचा जीव वाचला असता!”

“हो, मॅडम.” बिलकिसनं पिशवीतून एक वही काढली, आयतची जुनी शाळेची वही. “प्रत्येकीचा नंबर लिहून ठेवलाय. नळ्या फ्रीजरमध्ये आहेत, एकही फेकली नाही. कधीतरी सांगायचंच होतं. धीर झाला नाही.”

मॅडमनी वही उघडली, दोन पानं उलटली, मिटली. “हे आणखी कोणाला माहीत होतं?”

माझं पेन कागदावर थांबलं. बिलकिस माझ्यापासून सात-आठ फुटांवर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चुकूनसुद्धा नाही.

“कोणालाच नाही,” ती म्हणाली.

मी ते लिहून घेतलं.

एक नंबर थांबली. सव्वा महिन्यानं पेशींचा नवा घाणा आला, दुसऱ्या मुलीनं परत तपासलं. एक नंबरनं हृदयाची कडी अशी धरली होती की श्रेयसनं आकडा बघून खुर्ची मागे ढकलली आणि बाहेर निघून गेला. वहीतल्या दोनशे चौदाही तपासल्या. अकरा चांगल्या चिकटल्या. मॉडेल पहिल्यापासून शिकवायला घेतलंय. तोवर बिलकिसला राजीनामा द्यायला लावलं होतं. शिस्तीचा प्रश्न होता, म्हणाले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ती गेली त्या दिवशी तिचा डबा, ओढणी आणि पाण्याची बाटली एका पिशवीत मावली.

झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, येणारच होतं. चार पानी फॉर्म. काय घडलं, कधी घडलं, कारण काय. शेवटच्या पानावर एक रकाना आहे: ‘याआधी ही बाब कोणाच्या निदर्शनास आली होती का? असल्यास नाव.’ तो फॉर्म दहा वर्षांपूर्वी मीच बनवलाय. तो रकाना मीच घातलाय. दुपारभर मी त्याच्यापुढे बसले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला आणि मी दचकले. मग ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर मला रोज भीती वाटते. कोणी टेबलाशी आलं तरी, फोन वाजला तरी. बसमध्ये शेजारची सीट आता कोणीही बसायला मागतं आणि मी पर्स उचलते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. छातीत अधूनमधून अडखळल्यासारखं होतं, म्हणून. शालिमारच्या जवळच्या लॅबमध्ये गेले, चिठ्ठी दिली, पडद्याआड गेले, तर समोर बिलकिस. पांढरा कोट, डोक्यावर ओढणी, कानात तेच खडे.

“ताई! बसा ना.” ती मनापासून हसली. आयत फार्मसीला लागली म्हणाली. रिझवान बरा आहे म्हणाली. मी नुसती हं हं करत होते. तिनं दंडाला रबर बांधला, शीर चाचपली. मग अगदी सहज, सुई टोचता टोचता विचारलं, “तुमचं नाव कुठे आलं नाही ना, ताई? मला तीच काळजी लागून राहिली होती.”

मी मान हलवली. नाही आलं. नळीत रक्त चढत होतं, ते बघत बसले.

तिनं कापूस दाबला, नळी घेतली आणि पेन उघडलं. “पूर्ण नाव सांगा.”

“अगं, बारा वर्षं शेजारी बसलीस आणि...”

“सांगावं लागतं, ताई. सगळ्यांनाच विचारते. नळीवर नाव चुकायला नको.”

“उत्तरा शरच्चंद्र गायधनी.”

तिनं सावकाश लिहिलं. मग नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली. “वाचून सांगा, बरोबर आहे का.”

मी चष्मा लावला आणि माझं नाव वाचलं. आवाज काही चढला नाही.